'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही प्रार्थना करायला शिकताना

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली बाकीची वाक्यं नव्या माणसाला लवकर जमतात. रोजची भाकर कुणालाही मागता येते, क्षमाही मागता येते. अडखळायला होतं ते 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी. चर्चमध्ये सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून ती म्हणून होते. पण घरी एकटं असताना, आईचा रिपोर्ट उद्या यायचा असताना किंवा मुलीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात असताना तीच ओळ म्हणायला जीभ रेटत नाही. मनात येतं, मी हे म्हटलं आणि देवाने खरंच माझ्या मनाविरुद्ध केलं तर?

ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. नव्याने मंडळीत आलेल्यांबरोबर मी बरीच वर्षं प्रार्थनेला बसते आहे, आणि त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. तुम्ही प्रोटेस्टंट मंडळीत जात असाल, वसईकडच्या एखाद्या कॅथलिक धर्मग्रामात असाल किंवा अजून कुठेच जात नसाल, तरी चालेल.

पहिली पायरी: स्वाधीन कुणाच्या करायचं ते पाहून घ्या

अनोळखी माणसाच्या हाती कुणी घराची किल्ली देत नाही. देवावर भरवसा ठेवा असं सांगून तो बसत नाही. तो कसा आहे हे कळू लागलं की हळूहळू बसतो. म्हणून पवित्र शास्त्रातलं मार्कचं शुभवर्तमान घ्या. अध्याय फक्त १६ आहेत. रोज एक वाचलात तर सोळा दिवसांत होईल.

पहिल्याच अध्यायात, ४० व्या ओवीपाशी थांबा. एक कुष्ठरोगी येशूकडे येतो, गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमची इच्छा असली तर तुम्ही मला शुद्ध करायला समर्थ आहात. त्याला येशूच्या सामर्थ्याची शंका नाही. शंका आहे ती इच्छेची. माझ्यासारख्या माणसाचं भलं व्हावं असं याला वाटेल का, हा त्याचा प्रश्न आहे, आणि आपलाही प्रश्न तोच असतो. येशूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, माझी इच्छा आहे, शुद्ध हो. त्या काळी कुष्ठरोग्याला कुणी शिवत नसे, वस्तीबाहेर राहावं लागे. नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता. तरी आधी स्पर्श झाला.

'देवाची इच्छा' हे शब्द आपल्याकडे फार करून अंत्यविधीच्या वेळी कानावर पडतात. कुणी गेलं, पीक बुडालं, अपघात झाला की लोक म्हणतात, देवाची इच्छा. त्यामुळे देवाची इच्छा म्हणजे काहीतरी वाईटच, असं मनात घट्ट बसलेलं असतं. ते सैल करायला ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचा. त्याच्याजोडीला मत्तय ७:९-११ वाचा. मुलाने भाकर मागितली तर त्याला धोंडा देणारा बाप कोण आहे, असं येशू तिथे विचारतो.

दुसरी पायरी: हवं ते आधी मागा

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. नवा विश्वासणारा मागायच्या आधीच सोडून देतो. 'प्रभू, तुझ्या मनात असेल तसं कर' एवढं म्हणून आमेन. ऐकायला नम्र वाटतं, पण बऱ्याचदा आत दडलेलं असतं ते मागितलं आणि मिळालं नाही तर काय, हे भय. येशूने अशी प्रार्थना केली नाही.

मत्तय २६ उघडा आणि ३६ ते ४६ या ओव्या सावकाश वाचा. वल्हांडण या यहुदी सणाचं जेवण झालेलं आहे, रात्र आहे. पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन येशू गेथशेमाने बागेत जातो. माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, असं तो त्या तिघांना उघड सांगतो. मग थोडा पुढे जाऊन पालथा पडतो. त्याचं पहिलं वाक्य आहे, 'हे माझ्या बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.' त्याला वधस्तंभ नको होता. त्याने ते स्पष्ट सांगितलं. त्यानंतर दुसरं वाक्य येतं, 'तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.'

हा क्रम उलटा करू नका. आणि हेही पाहा की एकदा म्हणून त्याचं काम भागलं नाही. मध्येच उठून तो शिष्यांकडे येतो, ते झोपलेले असतात, तो परत जातो. तीन वेळा तो तीच प्रार्थना करतो. त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा झाला होता, असं लूक लिहितो, आणि स्वर्गातून एक दूत त्याला शक्ती द्यायला आला, असंही लिहितो. प्याला टळला नाही. पण जो माणूस तोंडावर पडून रडत होता तो उठून म्हणाला, 'उठा, आपण जाऊ.' प्रत्यक्ष येशूला एकाच रात्री तीनदा म्हणावं लागलं, तर तुम्हाला पंधरा दिवस लागले म्हणून विश्वास कमी आहे असं समजू नका.

मागताना नेमकं मागा. आमच्या मंडळीतल्या एक मावशी मुलाच्या भरतीच्या परीक्षेसाठी प्रार्थना करायच्या तेव्हा प्रभूला तारीख, केंद्राचं गाव, एवढंच काय, हॉलतिकिटावरचा नंबरसुद्धा सांगायच्या. 'गणितात कच्चा आहे, तेवढं बघ,' असंही म्हणायच्या. नवी मंडळी हसायची. मला वाटतं त्या खोलीत सगळ्यात खरी प्रार्थना त्यांचीच होती. देवाला माहिती कमी आहे म्हणून आपण सांगत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याला आपण बारीकसारीक सांगतो, म्हणून सांगतो.

शब्द सुचत नसतील तर हन्ना आठवा (१ शमुवेल १). मूल नाही म्हणून ती मंदिरात इतकी रडत, नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती की एली याजकाला वाटलं ही बाई प्यायली आहे. आणि येशूची आई मरिया हिने 'तुमच्या शब्दाप्रमाणे मला होवो' असं म्हणण्यापूर्वी देवदूताला सरळ प्रश्न विचारला होता, हे कसं होईल म्हणून. विचारणं हा अविश्वास नव्हे.

तिसरी पायरी: दुसरं वाक्य, जेवढं खरं म्हणता येईल तेवढंच

मागून झालं की थोडा वेळ गप्प बसा. मग म्हणा, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' म्हणवत नसेल तर ओढूनताणून म्हणू नका. त्याऐवजी जे खरं आहे ते म्हणा. 'प्रभू, हे म्हणायची माझी अजून तयारी नाही, ती तूच करून घे.' भूतबाधा झालेल्या मुलाचा बाप येशूला म्हणाला होता, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४). एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा झाला.

काहींना शरीराची मदत होते. मागताना मुठी मिटून ठेवा, सोपवताना तळवे वर करून उघडा. पटलं नाही तर सोडून द्या, हा काही नियम नाही.

चौथी पायरी: जे आधीच सांगितलेलं आहे ते शोधत बसू नका

'माझ्यासाठी देवाची इच्छा काय आहे ते कळत नाही,' असं मला नेहमी ऐकायला मिळतं. पण तिचा मोठा भाग शास्त्रात छापलेला आहे. १ थेस्सलनीका ५:१६-१८ मध्ये तर शब्दच तेच आहेत. सर्वदा आनंदित राहा, निरंतर प्रार्थना करा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, कारण तुमच्याविषयी देवाची हीच इच्छा आहे. मीखा ६:८ मध्ये न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं आणि देवासमोर नम्रपणे चालणं सांगितलं आहे. वडिलोपार्जित जमिनीवरून भावाशी बोलणं बंद आहे, त्याला आधी फोन करू का, यासाठी उपास करून प्रार्थना करायची गरज नाही. फोन करा. फोन लावायचं बळ मात्र जरूर मागा.

पाचवी पायरी: निर्णय घ्यायचा असेल तेव्हा

नोकरी पुण्यातली घ्यावी की गावातली? हे स्थळ स्वीकारावं का? घर आत्ता घ्यावं की थांबावं? अशा प्रश्नांवर शास्त्रात ओवी सापडत नाही, आणि नेमकं इथेच नवा माणूस भलत्या वाटेला लागतो.

डोळे मिटून पवित्र शास्त्र कुठेही उघडायचं आणि बोट ठेवलेली ओवी म्हणजे उत्तर, असं करू नका. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाच्या वचनाचं कार्ड मिळतं, ते प्रेमाने जपा, पण त्यावरून घराचा सौदा ठरवू नका. त्या कार्डांवर नेहमी दिसणारं यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं देव तिथे म्हणतो. हे वचन बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या यहुदी लोकांना पत्रातून लिहिलेलं होतं, आणि त्याच्या आदल्याच ओवीत ७० वर्षं वाट पाहायला सांगितलं आहे. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असा त्या पत्राचा सूर आहे. पूर्ण अध्याय वाचला की ते वचन कार्डावर दिसतं त्याहून कितीतरी मोठं होतं.

'प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलं आहे,' असं म्हणत कुणी तुमच्या लग्नाचा, नोकरीचा किंवा पैशांचा निर्णय तुमच्या गळ्यात घालू पाहत असेल, तर सावध व्हा. प्रार्थनेच्या मोबदल्यात कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या.

मग करायचं काय? प्रार्थना करा, मग कागद घेऊन बसा. दोन्ही बाजू लिहा. तुम्हाला ओळखणाऱ्या, तुमच्या हो ला हो न करणाऱ्या दोघातिघांना विचारा. पाळकांना किंवा फादरना भेटा. खर्चाचा हिशोब मांडा. बुरूज बांधायच्या आधी बसून हिशोब करणाऱ्या माणसाचं उदाहरण येशूनेच दिलं आहे (लूक १४:२८).

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी या कामासाठी दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत, त्या मी प्रोटेस्टंट असूनही सगळ्यांना सांगते. एक, तुमचाच प्रश्न घेऊन एखादा अगदी अनोळखी माणूस आला, आणि त्याचं भलं व्हावं एवढीच तुमची इच्छा असली, तर त्याला काय सल्ला द्याल ते पाहा, आणि तोच सल्ला स्वतः पाळा. दुसरी, मन कोरडं पडलेलं असताना, प्रार्थना नकोशी झालेली असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नका. रात्री दोन वाजता उलटलेला निर्णय सकाळी दहापर्यंत थांबवून ठेवा.

निर्णय घेतलात आणि दार बंद झालं, तरी घाबरू नका. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मनाई केली. मग बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तिथेही अडवलं. शेवटी तो त्रोवसला समुद्रापाशी येऊन पोहोचला. त्या रात्री त्याला मासेदोनियाचा एक माणूस दृष्टान्तात दिसला, इकडे येऊन आम्हाला साहाय्य करा म्हणणारा. दोन दारं बंद होईपर्यंत तिसरं असल्याचं त्याला माहीत नव्हतं, आणि तोपर्यंत तो चालतच होता.

असंच आपल्याकडे घडलेलं आहे. पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली ती फळबाग लावून शाळेचा खर्च निघावा म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, शहरात नव्या मुलींना ठेवण्याची सोय राहिली नव्हती. शेवटी त्या मुली केडगावच्या त्या शेतावर गेल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं ते तिथे. जमीन घेताना त्यांच्यासमोर फळझाडांचा हिशोब होता. पुढचं त्यांना दिसत नव्हतं. रमाबाई प्रार्थना करणाऱ्या होत्या आणि हिशोबही चोख ठेवणाऱ्या होत्या. या दोन्हींत विरोध आहे असं त्यांना कधी वाटलेलं दिसत नाही.

उत्तर 'नाही' असेल तेव्हा

इथे मला कमी बोलायचं आहे, कारण इथे लोक फार बोलतात.

पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं (२ करिंथ १२:८-९). ते त्याला पुरलं. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पुरेल असं नाही. तोपर्यंत स्तोत्रं वाचा. स्तोत्र १३ ची सुरुवातच 'हे परमेश्वरा, किती वेळ?' या प्रश्नाने होते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरीही ते शास्त्रात आहे. म्हणजे तुम्ही रागावून, रडून केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच आहे. देवाशी भांडा, पण भांडायला त्याच्याचकडे जा.

तुमच्या पापामुळे हे झालं असं कुणी म्हणालं तर योहान ९ दाखवा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त दोषी नव्हती, असंही त्याने सांगितलं (लूक १३:४).

जे देवाची इच्छा म्हणून सोसायचं नाही

औषध बंद करू नका. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, रडून प्रार्थना केली, आणि तू बरा होशील असं देवाने यशया संदेष्ट्याकडून कळवलं. त्यानंतर यशयाने काय सांगितलं? अंजिरांचं पोटीस करून गळवावर बांधा (२ राजे २०:७). वचन मिळालेलं असतानाही पोटीस बांधलं गेलं. शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, टीबीचा कोर्स, मानसोपचाराची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडणं याला विश्वास म्हणू नका. तुमच्यासाठी प्रार्थना करणारा कुणी तसं करायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

घरात मारहाण होत असेल, तर हाच माझा वधस्तंभ म्हणून सोसत राहा, असं देवाने तुम्हाला सांगितलेलं नाही. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि फटके चुकवले (प्रे. कृत्ये २२:२५). पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे दाद मागितली. दाद मागणं, पोलिसांत जाणं, माहेरी निघून येणं, हे प्रार्थनेच्या विरुद्ध नाही. स्वतः सुरक्षित जागी या, प्रार्थना तिथूनही करता येते.

रोजची रीत

सकाळी दहा मिनिटं पुरतात. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, एकेका ओळीवर थांबून. इच्छेच्या ओळीपाशी आजच्या दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन ठेवा: आजची मुलाखत, आजची डायलिसिस, आज साहेबांशी बोलायचं आहे ते. रात्री झोपण्यापूर्वी त्याच गोष्टीचं काय झालं ते आठवा आणि जे चांगलं झालं त्याबद्दल आभार माना. उद्याचे बेत सांगताना 'प्रभूची इच्छा असली तर' म्हणायची जुनी रीत आपल्या घरांत आहे. ती याकोबाच्या पत्रातली आहे (४:१५), सवयीने म्हणतो तीच जरा लक्ष देऊन म्हणा.

एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि मागणी लिहा. उजवं पान कोरं सोडा. उत्तर आलं की त्यावर तारीख घाला, मग ते 'हो' असो, 'नाही' असो की तुम्ही मागितलंच नव्हतं असं काही. काही उजवी पानं कोरीच राहतील. ती फाडू नका, अधूनमधून तीच मागणी पुन्हा करा. न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेची गोष्ट (लूक १८) येशूने याचसाठी सांगितली.

दुसऱ्यासाठी प्रार्थना करायला गेलात तर

लवकरच कुणीतरी म्हणेल, चला, दवाखान्यात भेटून येऊ, प्रार्थना करा तुम्ही. जाण्याआधी ईयोब २ मधला शेवट वाचा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. नंतर ते कारणं सांगू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

म्हणून खाटेशी बसा, आधी विचारा, 'मी प्रभूकडे काय मागू तुमच्यासाठी?' ते सांगतील तेच मागा, त्यांच्याच शब्दांत. बरं होणं मागत असतील तर बरं होणंच मागा, काटछाट करू नका. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य त्यांच्या वतीने तुम्ही म्हणू नका. ते त्यांना म्हणायचं असेल तेव्हा ते स्वतः म्हणतील. तुम्ही प्रभूची प्रार्थना सुरू करा, सावकाश. जी ओळ त्यांना जमेल तिथे ते आवाज मिळवतील. प्रार्थना पाच मिनिटांत आवरा, नर्सला काम करू द्या, आणि निघताना डबा कोण आणतंय ते विचारून घ्या.